टाकीमागचा तडा

तुमच्यापैकी काहींनी ती क्लिप पाहिली असेल. कॅलिफोर्नियात वॉकर गावाजवळ वणवा पेटलाय, एक सी-१३०ए विमान खाली येतं, पोटातून लाल द्रव सोडतं.. आणि दोन्ही पंख वर मिटल्यासारखे होऊन तुटतात. १७ जून २००२. तिघे गेले. ती क्लिप जगभर फिरली. मला मात्र लिहायचंय ते त्यानंतर महिन्याभराने, १८ जुलैला पडलेल्या विमानाबद्दल. त्याची कुणी फारशी आठवण काढत नाही.

ते होतं पीबी४वाय-२ प्रायव्हेटिअर. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकन नौदलाने समुद्रावर गस्त घालायला बनवून घेतलेलं चार इंजिनांचं धूड. मूळ बी-२४ लिबरेटर बॉम्बर. त्याचं धड लांबवलं, दोन शेपट्यांच्या जागी एकच उंच शेपूट दिली, आणि गस्त कमी उंचीवरच घालायची म्हणून इंजिनांचे टर्बोसुपरचार्जर काढून टाकले. थोडक्यात, कामापुरतं नेटकं डिझाईन. काम काय, तर तासन् तास पाण्यावरून फिरत जहाजं आणि पाणबुड्या हुडकायच्या.

युद्ध संपलं, पण विमानं संपली नाहीत. काही कोस्ट गार्डकडे गेली आणि तिथून वणवे विझवणाऱ्या खाजगी कंपन्यांकडे. पोटात टाक्या बसवल्या, जास्त ताकदीची इंजिनं लावली, झाला टँकर! आमच्या धंद्यातही हेच चालतं. जुनं कोड चालतंय ना? मग आत हात घालू नका, वरून एक नवा थर चढवा.

पण काम बदललं होतं. वणव्यावर तापलेल्या हवेचे धक्के बसतात, दऱ्यांमध्ये सूर मारावा लागतो आणि सुमारे २००० गॅलन द्रव, म्हणजे सात-आठ टन, काही क्षणांत खाली सोडायचा. असा प्रत्येक हिसका पंखाच्या मुळाशी जातो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच. एका वाकण्याने काहीच होत नाही, हीच तर खरी पंचाईत.

त्या संध्याकाळी कोलोराडोत एस्टेस पार्कजवळ, बिग एल्क नावाच्या वणव्यावर टाकी रिकामी करायला वळताना प्रायव्हेटिअरचा डावा पंख निखळला. दोघेही वैमानिक गेले.

चौकशी अहवालातलं एक वाक्य वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. डाव्या पंखाच्या पुढच्या स्पारमध्ये, म्हणजे पंखाच्या कण्यात, आणि त्याला लागून असलेल्या पत्र्यात थकव्याचे तडे आधीपासूनच होते. आणि ती जागा टाक्यांच्या आड होती. बाहेरून कितीही निरखून बघा, दिसणं शक्यच नव्हतं! ज्या टाकीने विमानाला दुसरा जन्म दिला, तिनेच नेमकी ती जागा झाकली.

मग तपासायचं कुणी? तर वणव्यावर उडणारं विमान 'सरकारी कामावरचं' धरलं जायचं, त्यामुळे त्या वेळी एफएएचं नेहमीचं नियंत्रण त्याला लागू नाही. फॉरेस्ट सर्व्हिस मात्र एफएएच्या प्रमाणपत्रांवर विसंबून. घरात दोघांनाही वाटावं की गॅस दुसऱ्याने बंद केला असेल, त्यातली गत.

दोन्ही अपघातांतली विमानं एकाच कंपनीची होती. एक तज्ज्ञ समिती बसली, दोन्ही जातींची विमानं या कामातून निवृत्त झाली. वणव्यावरच्या विमानांची जबाबदारी फॉरेस्ट सर्व्हिस आणि अंतर्गत खात्याचीच आहे, असं चौकशी मंडळाने २००४ मध्ये स्पष्ट बजावलं. त्यावर मे महिन्यात ३३ मोठ्या टँकरांचं कंत्राटच रद्द झालं. (आधी बेफिकिरी, मग एकदम कुलूप. हेही ओळखीचंच.)

आणखी एक. १३ ऑगस्ट १९९४ रोजी कॅलिफोर्नियातच पिअरब्लॉसमजवळ असंच एक सी-१३०ए टँकर पडलं होतं, तिघे मेले होते. तेव्हाचा निष्कर्ष होता इंधनाचा स्फोट. २००२ नंतर अवशेष पुन्हा तपासले, तर त्यातही पंखात थकव्याचे तडे निघाले. म्हणजे ते तिकीट चुकीचं कारण लिहून बंद झालं होतं, आणि मधली आठ वर्षं सी-१३०ए वणव्यांवर उडतच राहिली.