मालट्रकाचा ॲक्सल, दगडधोंड्यांची वाट

अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराच्या परिसरात राहणारा बॉब चँडलर हा बांधकामाची कंत्राटं घेणारा माणूस. १९७४ साली त्याने फोर्डची एफ-२५० ही फोर-व्हील ड्राइव्ह पिकअप घेतली आणि सुट्टी मिळाली की ती चिखलात, ओढ्यात घालायला लागला. गाडी मोडायची. दुरुस्ती करणारं गॅरेज सापडायचं नाही, पार्ट मिळायचे नाहीत. शेवटी त्याने स्वतःच फोर-व्हील ड्राइव्हच्या सामानाचं दुकान काढलं. पण दुकान घरचं झालं म्हणून मोडतोड थोडीच थांबते! त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर इतका जड, की दुकानातल्याच एकाने त्याचं नाव 'बिगफूट' ठेवलं आणि पुढे ते गाडीलाच चिकटलं. मोठे टायर घातले की ॲक्सल तुटायचा. जाड ॲक्सल आणला की त्याहून मोठे टायर घालायचा मोह व्हायचा आणि ते बसले की नवा ॲक्सलही हात टेकायचा. असं करत करत चँडलर लष्कराच्या मालट्रकांच्या ॲक्सलपर्यंत पोचला. १९८२ सालच्या 'बिगफूट २'ला त्याने ६६ इंच उंचीचे टायर लावले. हे टायर मुळात शेतात खत पसरणाऱ्या अवजड यंत्रांचे. मॉन्स्टर ट्रकचा तमाशा म्हणून जगाला जे माहीत आहे, ते या मोडक्या ॲक्सलांच्या ढिगातून उभं राहिलं.

चँडलरची गोष्ट टोकाची खरी, पण ऑफ-रोडवाल्यांची मजबूत ॲक्सलची शोधाशोध वर्षानुवर्षं याच वाटेने चालत आली. दगडांत गाडी घालणाऱ्यांसाठी म्हणून ॲक्सल घडवायला कुणी बसलंच नव्हतं. त्यांच्या वाट्याला आलं ते ओझं वाहणाऱ्यांच्या अंगावरून उतरलेलं: लष्कराचं, रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्यांचं, बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणाऱ्यांचं. हे उसनं सामान टिकलं, त्याचं श्रेय सगळे लोखंडाच्या जाडीला देतात. माझ्या मते त्याचा मोठा वाटा एका जुन्या युक्तीचा आहे.

योगायोग असा की त्या युक्तीचं एक मूळ सेंट लुईसमध्येच सापडतं. हेन्री टिमकेन हा तिथला जर्मन वंशाचा बग्गी बनवणारा कारागीर. वळणावर भरलेल्या गाडीचा भार चाकावर फक्त वरून येत नाही, बाजूनेही रेटतो आणि साध्या बेअरिंगला तो रेटा सोसत नाही. टिमकेनने रोलर निमुळते केले आणि तेही तिरपे बसवले, म्हणजे एकाच बेअरिंगने दोन्ही भार पेलावेत. १८९८ साली त्याला आणि त्याचा भाचा रेजिनाल्ड हाइन्झेलमन याला या निमुळत्या रोलर-बेअरिंगचं पेटंट मिळालं. बेअरिंगच्या धंद्याला जोडूनच ॲक्सलचा धंदा उभा राहिला. १९०९ साली त्याची टिमकेन-डेट्रॉइट ॲक्सल कंपनी झाली आणि मोटारींच्या गावात जाऊन बसली.

आता युक्ती. साध्या मोटारीच्या मागच्या ॲक्सलमध्ये चाक थेट शाफ्टच्या टोकाला बोल्टने आवळलेलं असतं. त्या शाफ्टला दुहेरी नोकरी असते. इंजिनाचा पीळ चाकापर्यंत न्यायचा आणि वर गाडीचं वजनही झेलायचं. याला सेमी-फ्लोटिंग म्हणतात. फुल-फ्लोटिंगमध्ये या दोन कामांची फारकत केलेली असते. हाउसिंगच्या नळीच्या टोकाला एक पोकळ स्पिंडल असतो, त्यावर समोरासमोर बसवलेल्या दोन निमुळत्या बेअरिंगवर हब फिरतो आणि गाडीचं सगळं वजन त्या हबवर येतं. शाफ्ट त्या पोकळीतून नुसता आरपार जातो आणि पीळ पोचवतो. तो तुटला तरी चाक जागच्या जागी राहतं. बाहेरचे बोल्ट काढा, तुकडे ओढून घ्या, पुढच्या चाकांच्या जोरावर घर गाठा. सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्ट बाहेरच्या टोकाला तुटला, तर चाक गाडीला सोडून स्वतःच्या वाटेने निघून जाऊ शकतं. मालट्रकवाल्यांना ही सोय हवी होती, कारण रस्त्यात भरला माल घेऊन अडकणं त्यांना परवडत नव्हतं. दरीच्या कडेला अडकलेल्या हौशी माणसाला तिची गरज किती आहे, हे फार नंतर कळलं.

दुसरं मोठं घराणं स्पायसरचं. क्लॅरेन्स स्पायसर कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना गाड्यांच्या साखळ्यांना वैतागला. साखळीऐवजी शाफ्टने चाकं फिरवायची तर शाफ्टला वाकता सांधा हवा. तो त्याने बनवला, १९०३ साली त्याचं पेटंट घेतलं आणि १९०४ साली कारखाना काढला. आपल्याकडचा मेकॅनिक ज्याला 'क्रॉस' म्हणतो, तो या सांध्याचा गाभा. कंपनीला पैशाची चणचण भासली तेव्हा चार्ल्स डाना नावाचा वकील १९१४ साली भांडवल घेऊन आला. १९१९ साली कंपनीने सॅलिसबरी ही ॲक्सल बनवणारी कंपनी विकत घेतली आणि १९४६ साली अख्ख्या उद्योगाला डानाचं नाव मिळालं. भांडवलदाराचं नाव कारखान्याच्या पाटीवर आणि संशोधकाचं नाव खोक्यातल्या मालावर, अशी वाटणी आजही आहे.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपखाली स्पायसरचेच ॲक्सल होते, पुढे मॉडेल २५ आणि मागे मॉडेल २३. मागचा तर फुल-फ्लोटिंग होता. युद्ध संपून जीप शेतकऱ्यांना विकायला काढल्यावर थोड्याच काळात मागचा ॲक्सल सेमी-फ्लोटिंग झाला. नागरी गिऱ्हाइकाला तो खर्च कशाला, असा तो हिशेब असावा. पुढे डाना ४४ हा मधल्या वजनाचा ॲक्सल जीप-पिकअपमध्ये रुळला आणि १९५० च्या दशकाच्या मध्याला एक टनी ट्रकांसाठी डाना ६० आला. त्याच्या क्राऊन व्हीलचा, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या दातेरी चाकाचा, व्यास पावणेदहा इंच, तर डाना ४४ चा साडेआठ. सव्वा इंचाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण दोन्ही हाउसिंग शेजारी ठेवले की ४४ पोरगेलासा दिसतो.

एवढा जाड ॲक्सल लागावा असं झालं तरी काय? १९५३ साली कॅलिफोर्नियात रुबिकॉन ट्रेल या खडकाळ वाटेवर जीपवाल्यांची पहिली सामूहिक सफर, जीपर्स जम्बोरी, निघाली, तेव्हा लोक युद्धातल्या मापाच्याच जीप घेऊन गेले आणि परतही आले. त्या जीपचं इंजिन १०५ पौंड-फूट टॉर्क द्यायचं. पहिला गिअर, लो रेंज आणि क्राऊन-पिनियन मिळून तो सुमारे २६ पट व्हायचा, म्हणजे साधारण २,७०० पौंड-फूट. साठेक वर्षांनंतर त्याच वाटेचं नाव मिरवणाऱ्या जीप रँग्लर रुबिकॉनचं इंजिन २६० पौंड-फूट देऊ लागलं आणि मॅन्युअल गिअरबॉक्ससह त्याची ७३ पट होऊ लागली. हिशेब १९,००० च्या घरात जातो, सातपट. टायर घसरला की हा टॉर्क वाया जातो आणि ॲक्सल वाचतो, म्हणून घसरणं हा ॲक्सलचा खरा मित्र. पण हौशी मंडळींनी तोही काढून घेतला. टायरची हवा कमी करून पकड वाढवली, ३७ आणि ४० इंची टायर घातले आणि डिफरन्शियलला लॉकर बसवला. लॉकरमुळे दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. एक चाक हवेत आणि दुसरं खडकाच्या खाचेत असेल, तर सगळा पीळ त्या एकट्या शाफ्टवर जातो. त्यात चालकाने घाईने पाय दाबला की ठण्ण असा आवाज येतो आणि बघे चार पावलं मागे सरकतात.

मग लोक भंगारवाल्यांच्या आवारात शिरले. मागच्या ॲक्सलचा प्रश्न अवघड नव्हता. जनरल मोटर्सने १९७३ पासून जड पिकअपांत साडेदहा इंची क्राऊनचा फुल-फ्लोटिंग ॲक्सल घातला होता. मागच्या झाकणाच्या बोल्टांवरून त्याचं नाव 'फोर्टीन-बोल्ट' पडलं. पिनियनला पुढे-मागे मिळून तीन बेअरिंगांचा आधार असलेला हा ॲक्सल मुबलक होता, स्वस्त होता आणि तुटता तुटत नव्हता. दोष दोनच. पोट इतकं खाली लोंबतं, की लोक ते कापून सपाट करतात. आणि जनरल मोटर्सच्याच साडेनऊ इंची सेमी-फ्लोटिंग ॲक्सललाही चौदाच बोल्ट असतात! त्यामुळे नवखा माणूस बोल्ट मोजून खूश होतो आणि भलताच माल घरी नेतो. झाकणाकडे पाहण्याऐवजी चाकाच्या मध्यभागी पाहावं. हब बाहेर आलेला आणि त्यावर शाफ्टचे बोल्ट गोलाकार दिसले, तर तो फुल-फ्लोटिंग.

खरी मारामारी पुढच्या ॲक्सलसाठी. पुढचं चाक फिरतंही आणि वळतंही. ही अडचण विस्कॉन्सिनमधल्या क्लिंटनव्हिल गावच्या ऑटो झॅकाव आणि विल्यम बेसरडिक यांनी १९०८ च्या सुमारास पुढच्या चाकाच्या गाठीतच सांधा बसवून सोडवली होती. पण सांधा आला तिथे कच्चा दुवाही आला. तिथे डाना ६० चा भलाथोरला क्रॉस आणि बॉल जॉइंटऐवजी जाड किंगपिन हवा. ते मिळणार शेव्हरोलेच्या १९७७ ते १९९१ च्या के-३० मध्ये किंवा फोर्डच्या १९८५ ते १९९१ च्या एफ-३५० मध्ये. फोर्डचा जास्त लाडका, कारण त्याचा पिनियन वर उचललेला असतो आणि प्रॉपेलर शाफ्ट दगडांपासून दूर राहतो. शिवाय डिफरन्शियलचा फुगवटा फोर्डमध्ये ड्रायव्हरच्या बाजूला, शेव्हरोलेत दुसऱ्या बाजूला. आपल्या गाडीच्या, पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्स्फर केसचं तोंड कुठे आहे हे न पाहता ॲक्सल उचलला, तर पुढचा सगळा खर्च त्या एका दुर्लक्षाचा. असे ट्रक मुळात कमीच विकले गेले होते. त्यांतले बरेच उत्तरेकडच्या राज्यांत नाकाशी बर्फाचा नांगर बांधून मिठाच्या रस्त्यांवर राबले, म्हणून नळीवरचा गंज खरवडून पाहणं आलंच. डानाने हाउसिंगच्या ओतकामात मॉडेलचा आकडा उठवलेला असतो आणि नळीवर बिल-ऑफ-मटेरियलचा नंबर ठोकलेला असतो. तो नंबर वाचता आला तर तुमच्या हातातला माल कोणत्या गाडीसाठी आणि कोणत्या गिअर-रेशोचा बनला, हे उलगडतं.

टिमकेन-डेट्रॉइटचं घराणं तोवर नाव बदलून बसलं होतं. १९५३ साली एका स्प्रिंगच्या कंपनीशी विलीन होऊन ते रॉकवेल झालं. अमेरिकी लष्कराच्या एम-३५ या अडीच टनी ट्रकाखाली त्यांचेच ॲक्सल. डिफरन्शियल वरून बसवलेला, पिनियन उंच, आणि ६.७२ चा रेशो, म्हणजे ४४-४६ इंची टायर फिरवायला वेगळे गिअर घालायला नकोत. ट्रक लिलावात निघाले आणि हे ॲक्सल चिखलवाल्यांच्या हाती लागले. एका ट्रकात मागचे दोन आणि पुढचा एकच. दोन्ही टोकांना वळणारी गाडी करायची तर दोन ट्रक शोधायचे! पण इथे मला एक म्हणावंसं वाटतं. ४० इंचांपेक्षा लहान टायरच्या गाडीला रॉकवेल लावणं ही निव्वळ हौस आहे. तो इतका जड असतो की बिचारं इंजिन दगडांआधी ॲक्सलशीच झुंजतं. तुटणारा भाग शाफ्ट असावा, कारण तो दहा मिनिटांत बदलता येतो. हाउसिंग किंवा क्राऊन-पिनियन नसावं. इतका विचार केला तरी निवड बरीच सोपी होते.

जुना माल आटत चालला तसे भाव चढले. मग डानानेच रँग्लरसाठी 'अल्टिमेट डाना ६०' हा कोराकरकरीत ॲक्सल खोक्यात घालून विकायला काढला. दगडांत जाणाऱ्यांचं नाव घेऊन कारखान्यातून निघालेला हा डाना ६०, मूळच्या ६० नंतर जवळपास साठ वर्षांनी.

या घराण्यांच्या फांद्या आपल्याकडेही पोचल्या आहेत. १९४७ साली मुंबईत माझगावला महिंद्रांनी पहिल्या जीप जोडल्या, तेव्हा स्पायसरचा वंश इथे आला. रॉकवेलचा ॲक्सल-विभाग १९८१ साली पुण्याच्या कल्याणी समूहाशी भागीदारी करून म्हैसूरला आला आणि ऑटोमोटिव्ह ॲक्सल्स ही कंपनी झाली. त्यामुळे टिमकेनच्या बग्गीची दूरची नातवंडं आपल्या घाटांतल्या मालट्रकांखाली फिरतात. आपल्या हौशी मंडळींचं भांडार मात्र वेगळं: लष्कराच्या लिलावातल्या जोंगा गाड्या आणि मुंबईत कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवरची भंगाराची दुकानं. अडचण कायद्याची आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं, की निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार केलेल्या गाडीला नोंदणी मिळणार नाही. त्यामुळे जड ॲक्सल घातलेल्या गाड्यांना उरतात त्या स्पर्धा, जशी गोव्यात ऐन पावसाळ्यात होणारी रेनफॉरेस्ट चॅलेंज. तिथल्या लाल चिखलापर्यंत अशी गाडी स्वतःच्या चाकांवर जाऊ शकत नाही. तिला दुसऱ्या मालट्रकावर लादून न्यावं लागतं.