ग्रेपची कुळकथा

लिनक्स शिकायला बसलेला माणूस पहिल्या तासात अडतो तो नावांपाशी. एलएस म्हणजे लिस्ट, सीपी म्हणजे कॉपी, हे सांगितलं की पटतं. ग्रेप मात्र कशाचंच आखूड रूप वाटत नाही. हवा तो शब्द असलेल्या तेवढ्याच ओळी फाइलमधून वेचून देणारी ही कमांड. तिचं नाव पाठ करण्यापेक्षा गोष्ट ऐकावी.

१९७०च्या दशकाची सुरुवात. न्यू जर्सीतल्या मरे हिलला, बेल लॅब्जमध्ये लिनक्सचं पूर्वज युनिक्स घडत होतं. टेलिटाइप नावाचं दणकट टंकयंत्र संगणकाला जोडलेलं असे. कळा जोर लावून दाबायच्या, उत्तर कागदाच्या गुंडाळीवर उमटायचं, सेकंदाला जेमतेम १० अक्षरं. कमांडची नावं दोन-दोन अक्षरांवर आली यात नवल नाही.

मजकूर सुधारायला केन थॉम्प्सन यांनी लिहिलेला ईडी हा एडिटर होता. एखाद्या शब्दाच्या सगळ्या ओळी हव्या असल्या की त्यात आधी जी टाइप करायचा: ग्लोबल, म्हणजे फाइलभर. मग दोन तिरप्या रेघांमध्ये शोधायचा नमुना: रेग्युलर एक्स्प्रेशन, थोडक्यात आरई. शेवटी पी: प्रिंट, आणि तेव्हा ते खरोखर कागदावर छापणंच होतं. जी, आरई, पी. झालं ग्रेप.

ती वेगळी कमांड कशी झाली? बेल लॅब्जमधले ब्रायन कर्निगन सांगतात की, त्यांचे सहकारी ली मॅकमहॉन यांना फेडरलिस्ट पेपर्स तपासायचे होते. १७८७-८८ मध्ये तिघांनी एकाच टोपणनावाने लिहिलेले हे ८५ लेख. कुठला कोणाचा, ते शब्दांवरून ताडायचं होतं. एवढा मजकूर ईडीच्या मेमरीत मावेना. थॉम्प्सननी ईडीतला शोधणारा भाग सोडवून वेगळा केला. तो अख्खी फाइल पोटात घेत नाही. एक ओळ वाचतो, जुळली तर छापतो, पुढे सरकतो. मला यातलं शहाणपण फार मोलाचं वाटतं.

१९९२ मध्ये याच थॉम्प्सननी सहकारी रॉब पाइक यांच्यासह यूटीएफ-८ ही जगभरच्या लिप्या संगणकात साठवण्याची पद्धत रचली. लिनक्सवर आज देवनागरी साठवली जाते ती याच पद्धतीने, म्हणून ग्रेपला मराठीही शोधता येते. आपल्या डायरीच्या फाइलवर ग्रेप चालवून ‘पाऊस’ शोधा. ‘पावसात’ असलेल्या ओळी निसटतील. आता नमुना ‘पा[ऊव]स’ असा द्या. चौकटी कंसातलं कोणतंही एक अक्षर चालेल, असा त्याचा अर्थ. पाऊस येईल, पावसात येईल, पावसाळाही येईल.