पिल्लांना पाजणारी कुत्री खूप पाणी पिते, सारखी लघवी करते. हे नैसर्गिक की आजार?

नरडाणा हे धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यातले, मुंबई-आग्रा महामार्गावरचे गाव. खान्देशात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. अशा दिवसांत रस्त्याकडेला व्यायलेली कुत्री पिल्लांसह घरी आणली, की पाण्याचे भांडे सारखे रिकामे होते आणि फरशीही सारखी ओली होते. पिल्ले मोठी होईपर्यंतच्या या तात्पुरत्या सांभाळाला प्राणिप्रेमी ‘फॉस्टर’ म्हणतात. या कुत्रीचे वय, आधीचे आजार, दिलेली औषधे यांची माहिती कोणालाच नसते. म्हणूनच तिची तहान दुधामुळे आहे की आजारामुळे, हे ओळखणे महत्त्वाचे ठरते.

किती पाणी म्हणजे जास्त?

निरोगी कुत्रा दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितो. १५ किलोच्या कुत्र्याला ७५० ते ९०० मिलिलिटर पुरते. किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी आणि ५० मिलिलिटरपेक्षा जास्त लघवी झाली, तर पशुवैद्यक ते अतिरिक्त मानतात.

पाजणाऱ्या कुत्रीला मात्र हा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. कुत्रीच्या दुधात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते. व्यायल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दूध सर्वाधिक असते आणि पाण्याची गरज दुप्पट-तिप्पट होऊ शकते. त्यामुळे १५ किलोच्या कुत्रीने दोन लिटर पाणी पिणे एवढ्यावरून आजाराचा निष्कर्ष काढता येत नाही.

मग फरक कसा ओळखायचा?

पाणी दुधात जाते आहे की लघवीत, हे पाहावे. दुधासाठी पाणी लागत असेल, तर लघवीचा रंग पिवळसर राहतो आणि कुत्री नीट खाते, पिल्लांचे वजन वाढते. लघवी पाण्यासारखी फिकट, भरपूर आणि रात्रीही होत असेल, तर शरीर पाणी धरून ठेवत नसल्याची शंका घ्यावी. थोडी थोडी, वारंवार आणि कण्हत होत असेल, तर मूत्राशयाच्या संसर्गाची शक्यता असते.

ओली फरशी हा पुरावा मात्र कच्चा आहे. पहिले सुमारे तीन आठवडे आई पिल्लांना चाटून लघवी करवते आणि ती स्वतःच चाटून टाकते. त्यानंतर पिल्ले आपली आपण लघवी करू लागतात. रस्त्यावर वाढलेल्या कुत्रीला घरात लघवी करायची नसते, हेही ठाऊक नसते.

साधी कारणे कोणती?

- उन्हाळा, उकाडा आणि धापा टाकणे.
- ओल्या अन्नाऐवजी कोरडे तयार खाद्य सुरू करणे.
- फरसाण, बिस्किटे किंवा उरलेली शेवभाजी असे खारट पदार्थ. कांदा-लसूण कुत्र्यांना अपायकारक असल्याने शेवभाजी मुळातच देऊ नये.
- खाज किंवा त्वचारोगासाठी दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन. त्याने तहान आणि लघवी दोन्ही वाढतात.

कोणते आजार असू शकतात?

व्यायल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात गर्भाशयाला संसर्ग होऊ शकतो. ताप, दुर्गंधीयुक्त स्राव आणि पिल्लांकडे दुर्लक्ष ही त्याची लक्षणे. मूत्रपिंडाचे विकार, यकृताचे आजार, मधुमेह आणि अंतःस्रावी ग्रंथींचे विकार यांतही तहान वाढते. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस मूत्रपिंडावर आघात करतो आणि माणसालाही होतो. त्यामुळे लघवी पुसताना हातमोजे वापरावेत.

मधुमेह आणि स्वादुपिंडाचा संबंध कुत्र्यांवरच्या प्रयोगांतूनच उलगडला. १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे ऑस्कर मिन्कोव्स्की आणि जोसेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले. तो वारंवार लघवी करू लागला. मिन्कोव्स्कीने ती तपासली तेव्हा तीत साखर सापडली. पुढे १९२१ मध्ये टोरोंटोत इन्सुलिनचा शोध लागला, तोही कुत्र्यांवरील प्रयोगांतून.

पाणी कमी करावे का?

अजिबात नाही. घर ओले होते म्हणून रात्री भांडे उचलून ठेवणे ही सर्वात घातक चूक आहे. मूत्रपिंड किंवा मधुमेहाचा विकार असलेल्या कुत्रीला पाणी मिळाले नाही, तर काही तासांतच तिची प्रकृती खालावू शकते. दूध आटले, तर पिल्लांच्याही जिवावर बेतते.

घरी काय करावे, तपासणी कोणती?

सकाळी मोजून पाणी ठेवावे आणि २४ तासांनी उरलेले मोजावे. असे दोन-तीन दिवस करून कुत्रीच्या वजनासह नोंद ठेवावी. पिल्ले त्याच भांड्यातून पीत असतील, तर हिशेब चुकतो. सकाळची पहिली लघवी स्वच्छ डबीत धरून लगेच पशुवैद्यकाकडे न्यावी.

लघवीचे विशिष्ट गुरुत्व ही पहिली आणि स्वस्त तपासणी. ते १.०३० पेक्षा जास्त असेल, तर मूत्रपिंड पाणी राखते आहे. वारंवार १.००८ ते १.०१२ च्या दरम्यान आले आणि रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले असेल, तर मूत्रपिंडाच्या विकाराची शंका बळावते. माणसांसाठीच्या लघवीपट्टीवरचा विशिष्ट गुरुत्वाचा आकडा कुत्र्यांसाठी भरवशाचा नसतो. साखर, कॅल्शियम आणि गरजेनुसार सोनोग्राफी या पुढच्या पायऱ्या.

तातडीने दवाखाना कधी गाठावा?

उलट्या, खाणे बंद, ३९.५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा सुस्ती दिसली तर वाट पाहू नये. थरथर, ताठरलेले पाय आणि जोरात धापा टाकणे ही रक्तातले कॅल्शियम घटल्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी पिल्ले बाजूला करून तिला लगेच न्यावे. कॅल्शियमचे इंजेक्शन घरी देऊ नये, त्याने हृदय बंद पडू शकते. सरकारी पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

सर्व तपासण्या ठीक असतील, तर पिल्लांचे दूध तुटल्यावर दोन-तीन आठवड्यांत तहान पूर्ववत व्हायला हवी. तशी झाली नाही, तर कारण दुधात नव्हते, असे समजून पुन्हा तपासणी करावी. नसबंदी आणि दत्तक देण्याचा निर्णय त्यानंतरच घ्यावा. नव्या घराला पाण्याच्या नोंदी आणि तपासणीचे अहवालही सोबत द्यावेत.