मुलांची एलसीडी पाटी बटण दाबताच कोरी कशी होते?

काळ्या पाटीवर प्लॅस्टिकच्या पेनाने लिहिले की हिरवट अक्षरे उमटतात. बटण दाबले की सगळे गायब! शंभर-दोनशे रुपयांचे हे खेळणे आसगावच्या अंगणात असो की नागपूरच्या फ्लॅटमध्ये, त्यामागचे विज्ञान एकच आहे: कायरल द्रवस्फटिकांवर विजेने मिळवलेला ताबा.

द्रवस्फटिक म्हणजे काय?

हा पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण त्याचे रेणू स्फटिकासारखे शिस्तीत राहतात. १८८८ मध्ये ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख रायनित्झर यांना कोलेस्टेरॉलपासून बनलेल्या एका पदार्थात हे वर्तन पहिल्यांदा दिसले. तो १४५ अंशांच्या आसपास वितळून गढूळ झाला आणि १७८ अंशांच्या पुढे एकदम नितळ!

'कायरल' कशाला म्हणायचे?

डावा हात उजव्या हातावर तंतोतंत बसत नाही. असे डावे-उजवेपण असलेले रेणू म्हणजे कायरल रेणू. द्रवस्फटिकात त्यांचा प्रत्येक थर आधीच्या थरापेक्षा किंचित वळतो आणि दोरीसारखा पीळ तयार होतो. या पिळाचा एक पूर्ण वेढा सुमारे ३५० नॅनोमीटरचा असेल, तर हिरवा प्रकाश परत फिरतो. वेढा लांबला की रंग लालकडे सरकतो, आखडला की निळ्याकडे. इथे रंगद्रव्य नसतेच. रंग येतो तो रचनेतून.

पाटीत नेमके काय घडते?

दोन पारदर्शक, वीजवाहक थरांमध्ये हा द्रवस्फटिक भरलेला असतो. मागे काळा थर असतो.

• लिहिताना: पेनाच्या दाबाने द्रव सरकतो आणि पिळांचे अक्ष पाटीच्या पृष्ठभागाशी काटकोनात उभे राहतात. तेवढ्या जागेवरून हिरवा प्रकाश परततो.
• पुसताना: विजेच्या झटक्याने हे अक्ष आडवे, विस्कळीत होतात. प्रकाश आरपार जातो आणि मागचा काळा थर दिसतो.

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसेच इथे होते. पाटी कोरी झाली तरी पीळ शाबूत असतो, फक्त त्याची दिशा बदललेली असते. दोन्ही अवस्था विजेशिवाय टिकतात, म्हणून सेल फक्त पुसताना खर्च होतो. वीज संपूर्ण थराला एकदम मिळते, म्हणून साध्या पाटीवर एकच अक्षर पुसता येत नाही.

विदर्भाशी नाते

या पिळातून होणाऱ्या परावर्तनाचे गणित मांडणाऱ्यांत शिवरामकृष्ण चंद्रशेखर (१९३०–२००४) हे महत्त्वाचे नाव. त्यांनी १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले. पुढे बंगळूरला मामा सी. व्ही. रामन यांच्याकडे त्यांनी स्फटिक प्रकाशाची दिशा कशी फिरवतात, याचा अभ्यास केला. १९७७ मध्ये त्यांच्या गटाने चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. (नोबेलविजेते खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर वेगळे.)

पुढे काय?

कॅल्क्युलेटरच्या पडद्यातही रेणूंचा पीळ एकाच बाजूला वळावा म्हणून चिमूटभर कायरल पदार्थ मिसळतात. अमेरिकेतील केंट स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी तर फक्त विद्युत क्षेत्र कमी-जास्त करून एकाच द्रवस्फटिकाचा रंग निळ्यापासून लालपर्यंत बदलून दाखवला आहे.

हे लक्षात ठेवा

पाटी पुसली जात नसेल तर ती फेकू नका, आधी सेल बदलून पाहा. पण सेलच्या झाकणाचा स्क्रू घट्ट लावा. बटणासारखा हा सेल लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका काही तासांत भाजू शकते. तशी शंका आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठा.