दाल बाजारातला टॉवर

ग्वाल्हेरचा इतिहास लिहिताना आपण बहुतेक वेळा शिंदेशाहीपाशी सुरुवात करतो आणि संस्थान विलीन झालं की थांबतो. पण आपल्या लष्करचं नाव अलीकडे देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं, ते एका मोबाइल टॉवरमुळे. ती हकिकतही आपल्या दप्तरी असावी म्हणून हे टिपण.

२८ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दाल बाजार भागातला एका सरकारी दूरसंचार कंपनीचा टॉवर सात दिवसांत बंद करायला सांगितलं. अर्जदार घरकाम करून पोट भरणारा माणूस. तो जिथे कामाला होता, त्या घरापासून पन्नास मीटरच्या आत, शेजारच्या गच्चीवर २००२ पासून टॉवर होता. त्याच्या लहरींमुळेच आपल्याला कर्करोग झाला, असं त्याचं म्हणणं. टॉवर बंद झाला, तरी आजार त्यामुळेच झाला हे शास्त्राने सिद्ध झालं, असा अर्थ मात्र काढू नये.

आता तारखा शेजारी-शेजारी ठेवून बघा. भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला. लहरींची आंतरराष्ट्रीय मर्यादा सरकारने स्वीकारली २००८ मध्ये. मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या लहरी ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकल्या. १ सप्टेंबर २०१२ पासून आपली मर्यादा एकदशांश झाली. ९०० मेगाहर्ट्‌झला दर चौरस मीटरमागे ४.५ वॅटच्या जागी ०.४५ वॅट. म्हणजे टॉवर आधी उभे राहिले, नियम मागाहून आले.

मी पेशाने इंजिनिअर, म्हणून एक गोष्ट सांगतो. अँटेनाचा झोत मुख्यतः समोर जातो, थोडा खाली झुकलेला. त्यामुळे ज्याच्या गच्चीवर टॉवर, त्याच्यापेक्षा समोरच्या, त्याच उंचीच्या खोलीत लहरी जास्त पोचू शकतात. भाडं मिळतं एकाला, काळजी लागते दुसऱ्याला! लष्करच्या गल्ल्या अरुंद. आज समोर दुमजली वाडा आहे म्हणून परवानगी मिळते, उद्या तो पाडून चार मजले चढतात आणि कागदावरचं अंतर कागदावरच राहतं. परवानगी एका दिवसाची असते, शहर मात्र वाढतच असतं.

टॉवर म्हणजे नेमकं काय, यावरही वाद झाला. गुजरातमधल्या महापालिकांनी त्यावर मालमत्ता कर लावला, कंपन्या कोर्टात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टॉवर करापुरता ‘इमारत’ ठरवला. मला वाटतं, इमारत म्हणून कर घ्यायचा, तर इमारतीसारखीच शेजाऱ्यांची हरकतही आधी ऐकायला हवी. लोकांचा राग पुष्कळदा वॅटपेक्षा ‘आम्हाला कुणी विचारलंच नाही’ याचा असतो.

मंडळी, आपल्या गल्लीत टॉवर असेल तर परवानगीची नक्कल, हरकतीचे अर्ज, मोजणीचे अहवाल जपून ठेवा. मोडी कागद जपले म्हणून वाड्यांचा इतिहास कळतो. गच्चीचा इतिहास कळायचा असेल, तर हे कागदही लागतील.