संगणकीकरण-विवाद, विमा व बँक व्यवसायांतील

भारतातील सार्वजनिक क्षेत्रातील आयुर्विमा व बँक व्यवसायांत संगणक व तत्सम यंत्रे आणण्यावरून व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात सु. १९६५ पासून जवळजवळ तीन दशके चाललेला विवाद. त्यास यंत्रविरोध म्हणण्याची प्रथा पडली. तथापि वादाचा मुख्य मुद्दा यंत्रे कोणाच्या संमतीने व कोणत्या अटींवर यावीत हा होता.

१ सप्टेंबर १९५६ रोजी स्थापन झालेल्या भारतीय आयुर्विमा महामंडळाकडे २४५ विमा संस्थांचा व्यवसाय आला. हप्त्यांच्या सूचना, लाभांशाची आकारणी व दलालांचे अडत-हिशेब यांसाठी तेथे छिद्रित पत्रांची यंत्रे वापरात होती. त्यांच्या जागी संगणक आणण्याचे ठरताच, हजारो हातांचे काम एक यंत्र करील, अशी धास्ती निर्माण झाली. मुंबईस संगणक बसला. कलकत्त्यास मात्र इलॅको हाउस या इमारतीत यंत्र येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी रात्रंदिवस पहारा ठेवला. सुशिक्षितांतील बेकारी वाढत असल्याने या लढ्यास कार्यालयाबाहेरूनही सहानुभूती मिळाली. १९६९ मध्ये केंद्र शासनाने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनविषयक समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. यंत्र घेणे हा केवळ व्यवस्थापनाचा अधिकार नव्हे, हे समितीच्या नियुक्तीनेच एक प्रकारे मान्य झाले.

बँकांतील प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होता. १९६९ मध्ये चौदा व १९८० मध्ये आणखी सहा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर शाखा व खाती झपाट्याने वाढली. हिशेबाची रीत मात्र जुनीच राहिली. प्रत्येक व्यवहाराची नोंद लेजरमध्ये हाताने होई, अधिकारी ती तपासून सही करी व ठराविक काळाने सर्व खात्यांच्या शिलकांची बेरीज सर्वसाधारण खातेवहीशी जुळवावी लागे. काही पैशांचा फरक शोधण्यात अनेक संध्याकाळी खर्ची पडत. बचत खात्यावरील व्याज दरमहा १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर आकारले जाई. त्यामुळे जून व डिसेंबरच्या अखेरीस कर्मचारी उशिरापर्यंत बसत. या रखडपट्टीतूनच त्यांना जादा कामाचा भत्ताही मिळे, ही बाब दोन्ही बाजूंच्या प्रचारात सहसा येत नसे.

सप्टेंबर १९८३ मध्ये इंडियन बँक्स असोसिएशन व कर्मचारी संघटना यांच्यात करार होऊन यंत्रांस मर्यादित प्रमाणात संमती मिळाली. यंत्रामुळे कोणासही कामावरून कमी करावयाचे नाही व यंत्र चालविणाऱ्यास विशेष भत्ता द्यावयाचा, ही त्याची महत्त्वाची अंगे होत. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या सी. रंगराजन समितीने १९८४ मध्ये शाखांसाठी लेजर-नोंदणी यंत्रांची शिफारस केली. ही यंत्रे परस्परांशी जोडलेली नव्हती. एका यंत्रावर ठराविक खाती, अशी विभागणी असे. व्याज व शिलकांची बेरीज यंत्र करू लागले, पण खातेदार आपल्या शाखेशी पूर्वीइतकाच बांधलेला राहिला. १९८७ व १९९३ च्या करारांनी ही मर्यादा क्रमाने सैल केली. अखेरचा रेटा काहीशा अनपेक्षित दिशेने आला : १ जानेवारी २००१ पूर्वी ७० टक्के व्यवहार संगणकावर आणावेत, असा आदेश १९९८ मध्ये केंद्रीय दक्षता आयुक्तांनी दिला.

करारांनी सेवेतील माणसाची नोकरी राखली, हे संघटनांचे खरे यश होय. मात्र जो अद्याप सेवेत आलाच नव्हता, त्याच्या बाजूने कराराच्या मेजावर कोणीही बसलेले नव्हते. निवृत्त लेखनिकाची जागा रिकामी ठेवण्यास कोणतेही कलम आड येत नसल्याने नोकरकपातीचा शब्दही न उच्चारता भरती आटत गेली. २०००-०१ मध्ये सार्वजनिक बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना राबविली, तेव्हा सु. एक लाख कर्मचारी व अधिकारी एकाच वेळी बाहेर पडले. त्यांत हाताने लेजर जुळविण्यात मुरलेल्यांचा मोठा भरणा होता.