खेळाडूंचा सौदा

इ. स. १९६४ च्या जून महिन्याच्या १५ व्या तारखेस शिकागोच्या कब्ज संघानें लू ब्रॉक नांवाचा एक खेळाडू सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाच्या हवालीं केला, व त्याच्या मोबदल्यांत मुख्यत्वेंकरून अर्नी ब्रॉलिओ हा पिचर, म्हणजे बेसबॉलच्या खेळांतील चेंडू टाकणारा गडी, आपल्याकडे घेतला. ब्रॉकला पंचवीस वर्षें पुरीं होण्यास तीन दिवस कमी होते. त्याची त्या हंगामांतील फलंदाजीची सरासरी होती .२५१, दर हजार संधींत २५१ यशस्वी फटके, असा त्याचा अर्थ. बरी, पण डोळ्यांत भरण्याजोगी नव्हे. उलट ब्रॉलिओनें मागल्याच वर्षीं अठरा सामने जिंकून दिले होते. शिकागोच्या पत्रकारांस आपल्या संघानें बाजी मारली असें वाटलें, आणि त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं; त्या दिवशीं हातीं असलेल्या आंकड्यांवरून आम्हींहि तोच निकाल दिला असता. पुढें घडलें तें असें: ब्रॉकनें उरलेल्या हंगामांत .३४८ ची सरासरी राखली, कार्डिनल्सनीं त्याच साली न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचा पाडाव करून अजिंक्यपद मिळविलें, आणि निवृत्त होईपर्यंत ब्रॉकनें ९३८ बेस 'चोरले'. ब्रॉलिओचा हात त्याच वर्षाच्या अखेरीस शस्त्रवैद्याच्या सुरीखालीं गेला. कब्जसाठीं तीन हंगामांत मिळून त्यानें उणेपुरे सात सामने जिंकले. एकतर्फी सौद्याला अमेरिकेंत 'ब्रॉकच्या बदल्यांत ब्रॉलिओ' असें अजूनहि म्हणतात.

या प्रकरणाकडे आमचें लक्ष जाण्यास कारण झालें आमच्या शिकागोनिवासी भाच्याचें. त्या देशांत लाखों सुशिक्षित माणसें एक कागदी बेसबॉल खेळतात. दहा-बारा स्नेही जमून प्रत्यक्ष मैदानावर खेळणाऱ्या गड्यांचा आपसांत लिलाव करतात. ज्याच्या वांट्यास जे गडी आले त्यांच्या वर्षभरच्या खऱ्या कामगिरीची बेरीज, तीच त्याच्या संघाची कामगिरी. मालकांनीं हंगामाच्या मध्यंतरीं आपसांत अदलाबदलहि करावयाची. एका वर्षीं भाच्याच्या मंडळींत एक जागा रिकामी पडली आणि त्यानें ती मोठ्या आदरानें आम्हांस देऊं केली. आम्हीं ती तितक्याच आढ्यतेनें स्वीकारली. एप्रिलमध्यें .४०० च्या वर फटकावणारा एक तरुण आम्हीं मिळविला, आणि त्यासाठीं सुरुवातीस मंद असलेला एक मुरब्बी गडी देऊन टाकला. ऑगस्टपर्यंत दोघेहि आपापल्या मूळ पदावर येऊन बसले, आणि आमचा संघ दहांत नववा आला. गॅल्टननें १८८६ सालीं आईबापांच्या व मुलांच्या उंचीचीं मापें घेऊन जो सिद्धान्त मांडला, कीं टोंकाची गोष्ट पुढल्या खेपेस मध्याकडे परतूं पाहते, तो आम्हांस ऐकून ठाऊक होता. ठाऊक असणें आणि एप्रिलमध्यें आठवणें यांत मात्र बरेंच अंतर आहे.

मनुष्याची पारख आंकड्यांनीं करावी, ही कल्पना या खेळांत आणली ती हेन्री चॅडविक या इंग्रजानें, आणि तीहि आपल्या परिचयाच्या क्रिकेटमधून. १८२४ सालीं एक्सेटर येथें जन्मलेला हा गृहस्थ बाळपणींच ब्रुकलिनला आला, क्रिकेटचीं वृत्तें लिहूं लागला, आणि क्रिकेटच्या धांवपत्रकाचें वळण देऊन १८५९ च्या सुमारास बेसबॉलचा तक्ता त्यानें रूढ केला. कोणी किती वेळ खेळला, किती फटके मारले, किती चुका केल्या, हें सारें चार बोटांच्या चौकटींत मावूं लागलें. ज्यानें सामना पाहिला नाहीं त्यालाहि खेळाडूविषयीं मत बनवितां येऊं लागलें, हा यांतला खरा क्रांतिकारक भाग होय. पण चॅडविकची एक चूक शंभर वर्षें पुरली. पिचरनें चार चेंडू वाईट टाकले तर फलंदाजास पहिला बेस फुकट मिळतो. चॅडविकच्या मतें त्यांत फलंदाजाचें कर्तृत्व कांहींच नव्हे, सबब सरासरींत त्याला जागा नाहीं. वाईट चेंडू सोडून देण्यास संयम व नजर लागते, हें ज्याच्या ध्यानांत आलें त्यानें पुढें पुष्कळ स्वस्त माल खरेदी केला.

आंकडे आले, पण माल कोणाचा? १८७६ सालीं स्थापन झालेल्या नॅशनल लीगच्या मालकांनीं १८७९ मध्यें आपसांत ठराव करून प्रत्येक संघाचे पांच गडी 'राखीव' केले. त्यांना दुसऱ्या कोणीं नोकरी द्यावयाची नाहीं. पुढें हें कलम सर्व खेळाडूंस लागूं झालें. करार संपला तरी मनुष्य सुटेना. मालक मात्र त्याला वाटेल तेव्हां विकूं शके. या विक्रींत सर्वांत गाजली ती बेब रूथची. १९१९ सालीं २९ होम रन मारून उच्चांक करणाऱ्या या गड्याला बॉस्टनच्या हॅरी फ्रेझीनें यांकीज संघास एक लक्ष डॉलरांस विकलें. शिवाय बॉस्टनचें फेनवे पार्क हें मैदान तारण घेऊन तीन लक्षांचें कर्ज. सौदा जाहीर झाला ५ जानेवारी १९२० रोजीं, आणि त्या वर्षीं रूथनें ५४ होम रन मारले. १९१८ सालीं अजिंक्यपद मिळविणाऱ्या बॉस्टनला तें पुन्हा मिळावयास २००४ साल उजाडावें लागलें. फ्रेझीला मूर्ख ठरविण्याची चाल आहे. तो नाटकांचा व्यवसाय करणारा मनुष्य होता व त्यास पैसा हवा होता. विकणाऱ्याची गरज आणि विकलेल्या वस्तूची किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें सावकारास सांगावें लागत नाहीं, इतिहासकारास मात्र सांगावें लागतें.

शास्त्रशुद्ध सौदागर म्हणावयाचा तो ब्रुकलिन डॉजर्सचा ब्रँच रिकी. खेळाडू एक वर्ष उशिरां विकण्यापेक्षां एक वर्ष आधीं विकावा, असें त्याचें सूत्र सांगतात. १९४७ सालीं त्यानें माँट्रियलच्या ॲलन रॉथ या संख्याशास्त्र्यास नोकरीस ठेवलें. हा मनुष्य सामन्यांतील एकूणएक चेंडूची नोंद करी. त्या सालीं डिक्सी वॉकर हा ब्रुकलिनचा लाडका फलंदाज, सरासरी.३०६, म्हणजे उत्तम. परंतु रॉथच्या नकाशांत असें दिसून आलें कीं, त्याचे फटके वर्षागणिक मैदानाच्या उलट्या बाजूस पडत चालले आहेत. सरासरी टिकून होती, पण मनगट मंदावलें होतें. डिसेंबर १९४७ मध्यें रिकीनें वॉकरला पिट्सबर्गला धाडलें आणि त्या सौद्यांत प्रीचर रो हा पिचर मिळविला, ज्यानें १९५१ सालीं २२ सामने जिंकले व केवळ ३ गमावले. येथें गोष्ट संपविली तर ती फार सुबक होते. पण १९४८ मध्यें वॉकरनें पिट्सबर्गसाठीं.३१६ ची सरासरी राखली, आणि तो निवृत्त झाला १९४९ नंतर. म्हणजे नकाशा बरोबर होता, पण एक वर्ष घाईचा. दुसरेंहि एक सांगितलें पाहिजे. जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णी खेळाडू १५ एप्रिल १९४७ रोजीं डॉजर्सकडून मैदानांत उतरला, आणि तत्पूर्वींच वॉकरनें आपल्याला अन्यत्र धाडावें अशी लेखी विनंती केली होती. त्या सौद्यांत रॉथचा नकाशा किती व हें पत्र किती, याचा हिशेब कोणत्याहि वहींत सांपडणार नाहीं.

वयाचा हिशेब उलटल्याचेंहि उदाहरण आहे. सिनसिनाटीनें डिसेंबर १९६५ मध्यें फ्रँक रॉबिन्सनला बाल्टिमोरला देऊन टाकलें. मालकांचें म्हणणें, तिसाव्या वर्षींच हा म्हातारा झाला. पुढल्याच हंगामांत सरासरी, होम रन व मिळवून दिलेल्या धांवा या तिन्हींत तो अमेरिकन लीगमध्यें पहिला आला आणि बाल्टिमोरनें अजिंक्यपद जिंकलें. रिकीचें सूत्र सिनसिनाटीस ठाऊक होतें; नकाशा नव्हता.

आतां कागदी खेळाकडे वळूं. १९६० सालीं विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञानें हार्वर्ड येथें स्नेह्यांसह असा एक खेळ सुरू केला व त्यास 'बेसबॉल सेमिनार' असें भारदस्त नांव दिलें. प्राध्यापकी पेशाची ही युक्ति आम्हांस परिचित आहे. गॅमसनसह तो मिशिगन विद्यापीठांत गेला. तेथील रॉबर्ट स्क्लार या अध्यापकाकडून त्याची वार्ता डॅनियल ओक्रेंट नामक विद्यार्थ्याच्या कानीं आली, आणि १९७९ च्या अखेरीस टेक्सासकडे विमानानें जातां जातां ओक्रेंटनें नव्या खेळाचे नियम लिहून काढले. न्यूयॉर्कच्या 'ला रोटिसेरी फ्रान्सेझ' या खाणावळींत १९८० च्या आरंभीं मंडळी जमली, म्हणून खेळाचें नांवच 'रोटिसेरी' पडलें. नियम असा कीं, प्रत्येक मालकाजवळ २६० डॉलर, त्यांत २३ गडी घ्यावयाचे. चार अंगें फलंदाजीचीं, चार पिचिंगचीं. जिंकणाऱ्याच्या मस्तकावर चॉकलेटच्या पेयाची बाटली ओतीत. ओक्रेंट स्वतः कधींच जिंकला नाहीं, ही गोष्ट आम्हांस नववा क्रमांक आल्यापासून विशेष प्रिय आहे. १९८१ सालीं खेळाडूंनीं संप पुकारला. लिहावयास सामने नाहींत अशा स्थितींत क्रीडापत्रकारांनीं याच कागदी सामन्यांवर लेख लिहिले, आणि खेळ देशभर पसरला.

या खेळांत विचार करण्याजोगें जें आहे तें सौद्यांतच आहे. खरा व्यवस्थापक उत्तम गडी मिळेल तितके जमवितो. कागदी मालकास तसें करून चालत नाहीं. बेस चोरण्यांत तो इतरांच्या फार पुढें असेल तर त्याचा आणखी एक पटाईत चोर त्याला कवडीमोल, आणि शेवटून दुसऱ्या असलेल्या शेजाऱ्यास मोलाचा. फलंदाजी करूं शकणारे यष्टिरक्षक, ज्यांना तिकडे कॅचर म्हणतात, फार थोडे. म्हणून मध्यम फलंदाजीचा कॅचर हा तितक्याच फलंदाजीच्या पहिल्या बेसवाल्यापेक्षां महाग. शिवाय नशिबाचा भाग वजा करण्याची विद्या निराळी. बिल जेम्स या गृहस्थानें कॅन्ससमधील डबाबंद घेवड्याच्या कारखान्यांत रात्रपाळीचा पहारा करतां करतां १९७७ पासून स्वखर्चानें वार्षिक आंकडेपुस्तक काढलें व रूढ समजुतींची झाडाझडती घेतली. अशाच कागदी संघाचा मालक व्होरोस मॅक्रॅकन यानें २००१ सालीं दाखवून दिलें कीं, फलंदाजानें चेंडू मैदानांत टोलविल्यावर तो झेलला जाईल कीं नाहीं हें पिचरच्या हातीं फारच थोडें असतें. तेव्हां ज्या पिचरचे आंकडे वाईट पण फलंदाजांस सपशेल चुकविण्याचें प्रमाण चांगलें, तो दुर्दैवी समजावा आणि स्वस्तांत घ्यावा. पुढल्याच वर्षीं ओकलंडच्या संघानें, चॅडविकनें टाकाऊ ठरविलेला तो फुकटचा बेस मिळविणारे गडी अल्प मोलांत गोळा करून, १०३ सामने जिंकले. त्याच २००२ सालीं बॉस्टननें जेम्सला नोकरीस घेतलें. २००४ चें अजिंक्यपद वर सांगितलेंच आहे.

परंतु सौद्याची सर्वांत मोठी अडचण आंकड्यांची नसते. जें आपलें आहे त्याची किंमत मनुष्य चढी धरतो. आमच्या त्या मुरब्बी गड्याबद्दल भाच्यानें आम्हांस मागाहून सांगितलें कीं, तो दुसऱ्याच्या संघांत असता तर तुम्हींच त्याला मागितला असता. आम्हीं तर याच्या उलट चूक केली होती. आपल्या घरचें म्हणून त्यावर रागावलों, आणि रागाच्या भरांत विकलें.

कागदावर राग चालतो, कारण विकलेल्या माणसास सामान बांधावें लागत नाहीं. १९६४ च्या त्या विजयी कार्डिनल्समध्यें ब्रॉकच्या शेजारीं, मध्य मैदानांत, कर्ट फ्लड हा कृष्णवर्णी खेळाडू उभा असे. बारा हंगाम त्यानें सेंट लुईसला वाहिले. ऑक्टोबर १९६९ मध्यें एके दिवशीं पहांटे संघाच्या एका कारकुनी अधिकाऱ्यानें दूरध्वनीवरून त्याला कळविलें कीं, तुला फिलाडेल्फियास दिलें आहे. वर्षाला नव्वद हजार डॉलर मिळविणाऱ्या या मनुष्यानें जाण्याचें नाकारलें. २४ डिसेंबर रोजीं त्यानें बेसबॉलचे आयुक्त बोवी क्यून यांस पत्र लिहिलें; आपल्या इच्छेची विचारपूस न करतां जिची खरेदी-विक्री व्हावी अशी आपण वस्तु नव्हें, हा त्याचा आशय. तो न्यायालयांत गेला. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ३ मतांनीं त्याच्याविरुद्ध निकाल दिला, आणि तोंवर त्याचा खेळ संपला होता. १९७१ मध्यें वॉशिंग्टनसाठीं तेरा सामने खेळून तो परदेशीं निघून गेला होता. १९७३ पासून मात्र दहा वर्षें खेळलेल्या, व त्यांपैकीं शेवटचीं पांच एकाच संघांत काढलेल्या, गड्यास सौदा नाकारण्याचा अधिकार मिळाला. आणि डिसेंबर १९७५ मध्यें पीटर साइट्झ या लवादानें अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली या दोघांच्या बाजूनें निकाल देऊन राखीव कलमाचा कणा मोडला. फ्लडच्या वांट्यास त्यांतलें कांहीं आलें नाहीं. तो १९९७ सालीं वारला.

कागदी बाजाराचाहि एक खटला झाला. खेळाडूंचीं नांवें व आंकडे वापरावयाचे तर आमची परवानगी घ्या, असा बेसबॉलच्या धुरीणांचा आग्रह होता. २००७ सालीं अमेरिकेच्या एका अपील-न्यायालयानें ठरविलें कीं, तीं जगजाहीर आहेत, कोणींहि वापरावीं. इकडे २० फेब्रुवारी २००८ रोजीं मुंबईंत क्रिकेटपटूंचा जाहीर लिलाव झाला, तेव्हां प्रत्येक मालकाच्या थैलीस ओक्रेंटच्या खेळासारखीच मर्यादा घातलेली होती, आकडा तेवढा पन्नास लक्ष डॉलर. फरक हा कीं, येथें बोलीखालीं आलेले गडी हाडामांसाचे होते, व त्यांनीं आधीं संमति दिलेली होती.

ब्रॉक आणि ब्रॉलिओ यांचें पुढें चांगलें सख्य जमलें. चाहत्यांच्या मेळाव्यांत दोघे शेजारीं बसून सह्या देत, आणि ब्रॉलिओ आपल्या नांवाची म्हण झाल्याचा विनोद स्वतःच करी. तो २०१९ सालीं वारला, ब्रॉक त्याच्या पुढल्या वर्षीं.